ताटं उचलायच्या आधी

पत्र भुसावळच्या एका ख्रिस्ती घरातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा: बाई दवाखान्यात नोकरी करतात. पती रेल्वेत, मालगाडीचे लोको पायलट. मुलं तीन. मोठा मुलगा १३ वर्षांचा, मधली मुलगी ८ची, धाकटा ४ वर्षांचा. घरात सासूबाई आहेत, अमळनेरकडच्या.

त्या लिहितात, "सासरे होते तोवर रोज रात्री कौटुंबिक उपासना व्हायची. तीन गीतं, पूर्ण अध्याय, मग सगळ्यांच्या प्रार्थना. पाऊण तास तरी चालायची, कधी तासभर. ते गेल्यावर मिस्टरांनी घ्यायची असं ठरलं, पण त्यांच्या ड्यूटीचा नेम नाही. महिन्यातून दहा दिवस झाली तरी पुष्कळ. होते तेव्हा धाकटा चटईवर लोळतो, मधली तीनदा पाणी प्यायला उठते आणि मोठ्याची पाळी आली की तो मान खाली घालून 'मला नाही करायची प्रार्थना' म्हणतो. परवा सासूबाई म्हणाल्या, पोरांना देवाचं भय उरलं नाही. मी मुलांवर ओरडले आणि धाकटा रडत झोपला. मिस्टर नसताना मी उपासना घेतली तर चालेल का? की मुलं मोठी होईपर्यंत थांबावं? देवाच्या नावाने रोज घरात आवाज चढण्यापेक्षा बंद केलेली बरी, असंही वाटायला लागलंय."

सलाम ताई,

बंद करू नका. लहान करा, आणि उद्यापासून तुम्ही घ्या.

तुमच्या घरात जे बिघडलंय त्याचा दोष तुम्ही मुलांच्या श्रद्धेला लावताय आणि सासूबाई भयाला. मला तो वेळेच्या आणि रचनेच्या जागी दिसतो. सासऱ्यांच्या काळातली उपासना मोठ्या माणसांच्या मापाची होती. ते मोठे असल्याने ती त्यांना शोभत होती. तेच माप ४ वर्षांच्या पोराला चढवलं की तो त्यात लोळणारच. त्या वयात पाच-सात मिनिटं कान देणं ही चांगली मजल झाली. आणि लोळणारं मूल ऐकत नसतं असं तर मुळीच समजू नका. वादळातल्या होडीची गोष्ट वाचली असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सहज विचारा, होडीत कोण झोपलं होतं? उत्तर बरोबर आलं, तर तो चटईवर होता तसाच गोष्टीतही होता.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय, की घरची उपासना म्हणजे रविवारच्या उपासनेची छोटी प्रत. मग गीतं तितकीच हवीत, वाचन तितकंच, वर एक छोटासा संदेशही. पण रविवारी पाळकसाहेब असतात, बाकं असतात, लहानांसाठी वेगळा वर्ग असतो. घरात यातलं काही नसतं. त्याऐवजी चपात्यांचा वास असतो, दारावरची बेल असते आणि दिवसभर दमलेली आई असते. अनुवाद या पवित्र शास्त्रातल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना वचनं शिकवायची म्हणून जे प्रसंग सांगितलेत ते पाहा: घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यात तासभराची बैठक कुठेच नाही. आहेत ते दिवसातले छोटे, रोज येणारे क्षण.

दुसरा समज, पुरुषानेच घ्यायची. मिस्टर घरी असतील तेव्हा त्यांनी जरूर घ्यावी, मुलांनी बापाला प्रार्थना करताना पाहणं फार मोलाचं आहे. पण ते घरी असण्यावरच उपासना टांगून ठेवली, तर ती रेल्वेच्या कॉलवर, म्हणजे ड्यूटीच्या बोलावण्यावर चालणार, आणि मालगाडीचा कॉल कधी येईल ते त्यांनाही ठाऊक नसतं. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास कुणाकडून आला हे पौलाने नावानिशी लिहून ठेवलंय: आजी लोईस आणि आई युनीके. तुमच्या घरात दोघीही हजर आहेत. नेमाची उपासना तुमची आणि मिस्टर आले की त्यांनी वाचन किंवा प्रार्थना घ्यायची, असं सरळ ठरवून टाका. कुणाचा मान कमी होत नाही.

आता वेळ. मुलं झोपायला जाताना उपासना ठेवू नका. साडेनवाला धाकट्याचे डोळे मिटत असतात आणि तुमचाही संयम संपलेला असतो. भांडण बहुतेक तिथेच पेटतं. जेवायच्या आधी ठेवली तर भूक आड येते. सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे जेवण उरकल्यावर, ताटं उचलायच्या आधी. सगळे आयते एका जागी बसलेले असतात, कुणाला गोळा करावं लागत नाही, बोलावताना आवाज चढत नाही. हात तेवढे ताटाबाहेर धुऊन घ्या आणि ताटं मधून बाजूला सारा. मोरीत नेऊ नका. एकदा उठलेलं पोर परत बसायला पाच मिनिटं घेतं. पाणी आणि लघवी त्याआधीच. मोठ्याची शिकवणी साडेआठला सुटत असेल तर सगळ्यांचं जेवण पावणेनऊला धरा, पण त्याला वगळून उपासना करू नका.

एक बारीक गोष्ट, जी भुसावळच्या माणसालाच सांगावी लागते. एप्रिलपासून घरात कूलर घरघरतो. त्याच्या आवाजात ८ वर्षांच्या मुलीचं वाचन तिलाही ऐकू येत नाही, मग ती पुटपुटते आणि बाकीचे चुळबुळतात. सुरुवात करताना कूलर कमी गतीवर करा. बारा मिनिटांत कुणी उकडत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की आठवड्यातून एक-दोनदा गच्चीवर अंथरुणं घातल्यावर, आडवं पडूनच करा. त्या दिवशी स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ८ घ्या. नऊच ओव्या (वचनं) आहेत, आणि चंद्र-तारे वर असताना त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

बारा मिनिटांचा हिशेब मांडते. एक गीत, दोनच कडवी: तीन मिनिटं. वाचन आठ ते दहा ओव्यांचं: दोन-तीन मिनिटं. एक प्रश्न, त्यावर दोन मिनिटं बोलणं. प्रार्थना तीन मिनिटं. मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद. क्रम रोज हाच. मोठ्यांना तोचतोचपणाचा कंटाळा येतो, लहानांना त्याचा आधार वाटतो. पुढे काय येणार हे माहीत असलं की धाकटा आपोआप स्थिर होतो आणि दोन आठवड्यांत 'आता आजी' असं तुम्हालाच सांगू लागतो. बदल करायचा तो आतल्या मजकुरात करा, क्रमात नको.

गीत आठवडाभर एकच ठेवा. रोज नवं काढलं की मुलं पुस्तकात मान घालून बसतात आणि सूर फक्त आजीचा ऐकू येतो. सोमवारी आजींनी एकेक ओळ म्हणायची आणि मुलांनी मागून, शुक्रवारपर्यंत पुस्तक लागत नाही. महिन्याला चार गीतं पाठ म्हणजे वर्षाला पुष्कळ झाली. 'उपासना संगीत'मधली नारायण वामन टिळकांची गीतं यासाठी मुद्दाम निवडा. अभंगाची आणि पदाची वीण असल्याने ती टाळांवर सहज बसतात, पेटी लागत नाही, आणि ध्रुवपद परत परत येतं म्हणून धाकट्यालाही तेवढं धरता येतं. सूर मात्र बापाच्या पट्टीत लावू नका. खालच्या सुरात मुलांचा आवाज पोचत नाही, मग ती गप्प बसतात किंवा ओरडतात. तुमच्या पट्टीत, साधारण काळी चारच्या आसपास सुरू करा. मोबाइलवर गीत लावून त्यामागे म्हणणं टाळलेलं बरं. पडदा दिसला की सगळ्यांचे डोळे तिकडेच जातात. आणि मध्येच कुणाचा तरी मेसेज येतो.

वाचनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण उपासना बंद पडण्याचं एक मोठं कारण इथेच असतं. १ जानेवारीला पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू करायचं, निर्गमाच्या उत्तरार्धात मंडपाची मापं लागायची आणि लेवीयापाशी गाडी कायमची थांबायची, हे कितीतरी घरांत होतं. मुलांसोबत मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६ अध्याय, सुमारे पावणेसातशे ओव्या. रोज दहा धरल्या आणि आठवड्याचे पाच दिवस, तर चौदा आठवड्यांत पूर्ण होतो. गोष्ट धावती आहे, उपदेशाचे लांब भाग कमी आहेत. अध्यायाच्या आकड्यावर न थांबता गोष्टीच्या वळणावर थांबा. पाचवा अध्याय घ्या. याईराची मुलगी आजारी, ती १२ वर्षांची, म्हणजे जवळपास तुमच्या मोठ्याच्याच वयाची. बाप येशूला बोलवायला येतो, वाटेत ती रक्तस्रावाची बाई मध्ये येते, आणि ३५व्या ओवीत घरून निरोप येतो की मुलगी गेली. तिथेच पुस्तक मिटा. मधली 'पुढे काय झालं' म्हणून मागे लागेल. सांगू नका. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठण्याऐवजी ती सगळ्यांना बसा म्हणेल.

सगळंच सगळ्यांसमोर वाचायला हवं असं नाही. सहाव्या अध्यायातला योहानाच्या शिरच्छेदाचा भाग, १४ ते २९, धाकट्यासमोर नको. मोठ्याला तो दुपारी स्वतः वाचू द्या आणि रात्री त्याच्याशी वेगळं बोला. मार्कानंतर रूथ घ्या, मग योना. दोन्ही चार-चार अध्यायांची. पुढे योसेफाची गोष्ट: उत्पत्ती ३७, मग ३८ सोडून ३९पासून शेवटपर्यंत. डिसेंबरात बऱ्याच घरी १ ते २४ तारखेपर्यंत लूकचा रोज एक अध्याय वाचतात. अध्याय २४च असल्याने जमूनही येतं, पण पहिल्याच अध्यायात ८० ओव्या आहेत. मुलांसाठी त्यातली एकच गोष्ट निवडा, जखऱ्याची किंवा मरीयेची, आणि उरलेलं मोठ्यांनी आपापलं वाचावं.

मधलीला वाचायला द्या, पण आयत्या वेळी नको. दुपारी तिला दोनच ओव्या दाखवून ठेवा आणि अडणारा शब्द तेव्हाच सोडवा. अडखळणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर दुरुस्त करत गेलं की त्याच्या मनात पवित्र शास्त्राशी शरम जोडली जाते, आणि ती लवकर सुटत नाही. जुन्या भाषांतरातली मराठी मुलांना जड जाते. सोप्या मराठीतली प्रत वापरायला काही हरकत नाही, पाठ करायच्या ओव्या मात्र आजींना येतात त्याच शब्दांत ठेवा. दोन पिढ्यांच्या तोंडी एकच शब्द राहतात.

वाचनानंतर संदेश देऊ नका. 'यावरून आपण काय शिकलो?' हा प्रश्नही नको. मुलं हुशार असतात, ती लगेच 'खोटं बोलू नये, आईवडिलांचं ऐकावं' असं ठरलेलं उत्तर देतात आणि विषय संपतो. गोष्टीतलंच विचारा. या गोष्टीत कोण घाबरलं होतं? तू त्या घरात असतीस तर कुठे उभी राहिली असतीस? यातलं काय पटलं नाही? हा शेवटचा प्रश्न मोठ्यासाठी आहे, आणि त्याच्या उत्तराने दचकू नका. डुकरांचा कळप समुद्रात बुडाला त्यात डुकरांचा काय गुन्हा, असं त्याने विचारलं तर 'चांगला प्रश्न आहे, मलाही नीट उत्तर येत नाही, पाळकसाहेबांना विचारू' एवढंच म्हणा. आणि खरंच विचारा.

आता प्रार्थना. इथे तुम्हाला थोडं कडू वाटेल असं लिहिते. पुष्कळ घरांत आई-वडील प्रार्थनेतून मुलांना रागावतात. 'हे प्रभू, या मुलाला आज्ञाधारक कर, याचा मोबाइलचा नाद सोडव, याला अभ्यासाची बुद्धी दे.' डोळे मिटलेले असतात पण घरातल्या प्रत्येकाला कळतं की हे देवाला नाही, त्याला ऐकवलं जातंय. आणि त्याला उलट बोलायची सोय नसते. तुमच्या घरी असं होत असेल असं मी म्हणत नाही. पण १३ वर्षांचा मुलगा पाळी आली की मान खाली घालतो, तेव्हा आधी हे एकदा तपासून पाहावं. मुलाबद्दलची चिंता देवापुढे जरूर मांडा, ती स्वयंपाकघरात, एकटीने. सगळ्यांसमोर त्याच्याबद्दल मांडायचे ते फक्त आभार, तेही नेमके: 'आज याने आजीचं औषध आठवणीने आणलं, त्याबद्दल.'

मुलांना एकेक वाक्य पुरे. धाकट्याने एका गोष्टीचे आभार मानायचे, मग ते रोज मांजराचेच का असेनात. मधलीने एका माणसासाठी मागायचं. तिला एक वही करून द्या, दोन रकान्यांची: कधी आणि कुणासाठी मागितलं, पुढे काय झालं. उठबस करणाऱ्या मुलीला बसून करायचं काम मिळतं. वहीत 'बरे झाले' असं येईल तसं 'बरे झाले नाहीत, वारले' असंही येईल. तेही लिहू द्या, झाकू नका. त्या दिवशी स्तोत्र १३ वाचा. सहाच ओव्यांचं आहे आणि 'किती वेळ' या तक्रारीने सुरू होतं. मागितलेलं मिळालं नाही तरी देवाशी बोलता येतं, हे मुलांना घरातच कळावं.

मोठ्याबद्दल. त्याने बसायचं, हे पक्कं ठेवा. बोलायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा. घरातला सगळ्यांचा नेम आहे म्हणून तो बसेल, पण तोंडाने प्रार्थना करून घेणं म्हणजे त्याला न वाटणारं बोलायला लावणं. या वयात मुलांना खोटेपणाची चीड असते, स्वतःच्या खोटेपणाची तर जास्तच. त्याला एकट्याला, उपासनेच्या वेळेबाहेर, सांगा: 'तुझी पाळी मी लावणार नाही. वाटेल तेव्हा कर.' आणि खरोखर सोडून द्या, पुढच्या आठवड्यात आडून आठवण करू नका. त्याच्या हाती काम द्या: आठवड्याचं गीत निवडणं, टाळ किंवा ढोलकी धरणं, बाबा नसतील तेव्हा मुख्य वाचन. सहा महिने तो काही बोलला नाही तरी चालेल. दरम्यान तो तुम्हाला ऐकतोय. परीक्षेच्या दिवसांत उपासना पाच मिनिटांवर आणा, पण त्याला 'तू अभ्यास कर, आम्ही करतो' म्हणून उठवू नका. अभ्यासापुढे ही बाजूला ठेवायची गोष्ट आहे, असा धडा त्यातून नकळत जातो.

धाकट्याचं काम: पवित्र शास्त्र दोन्ही हातांनी फळीवरून आणून वाचणाऱ्याच्या हाती द्यायचं, आणि शेवटचं 'आमेन' सगळ्यांत मोठ्याने म्हणायचं. मधल्या वेळात त्याने वाचणारा सोडून कुणाच्याही मांडीवर बसावं. कागद-खडू दिले तरी चालतात, होडी ऐकता ऐकता तो होडी काढील. चाकं असलेली खेळणी नकोत. रडला किंवा पेंगला तर उपासना न थांबवता कडेवर घ्या. झोपला तर झोपू द्या आणि आशीर्वादाचा हात त्याच्याही डोक्यावर ठेवा.

सासूबाईंचं मन राखणं हा यातला सगळ्यात नाजूक भाग आहे. नव्या पद्धतीची बातमी त्यांना थेट रात्री चटईवर देऊ नका. दुपारी चहाच्या वेळी आधी विचारा, 'आई, पोरं मधूनच उठू नयेत म्हणून सहा आठवडे असं करून पाहू का?' त्यांचा एक तास त्यांच्याकडून काढून घेऊ नका. बारा मिनिटं सगळ्यांची झाली, मुलं उठली, की त्यांची लांब प्रार्थना पुढे चालू राहू दे आणि जमेल त्या दिवशी तुम्ही सोबत बसा. ताटं अर्धा तास थांबतील. शेवटचा आशीर्वाद रोज त्यांनीच द्यायचा, गणनाच्या सहाव्या अध्यायातला, २४ ते २६, प्रत्येक नातवंडाच्या डोक्यावर हात ठेवून. त्या भयाबद्दल बोलतात ते मुलांना त्या हातातून जास्त कळेल.

आणि शनिवार पूर्ण त्यांना द्या. त्या दिवशी पुस्तक नाही, आजींनी गोष्ट सांगायची, तीही अहिराणीत. लूकच्या १५व्या अध्यायातली हरवलेल्या मुलाची गोष्ट 'एक माणूसले दोन आंडोर व्हतात' अशी सुरू झाली की मुलं हसतील आणि मग ऐकत राहतील. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात ठिकठिकाणच्या बोलींचा नमुना म्हणून हाच दाखला उतरवून घेतला होता. १९०७ साली छापलेल्या त्याच्या खंडात आपल्या खानदेशीचा, म्हणजे अहिराणीचा नमुना आहे. आजीच्या तोंडून तो नातवंडांनी ऐकावा, ही त्या बोलीचीही राखण आहे. मोठ्याला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. हे काम तो आनंदाने करील.

मिस्टर नसतील त्या दिवसांसाठी एक सोपी युक्ती. ड्यूटीवर इंजिनात मोबाइल बंद असतो, तेव्हा नेमक्या वेळी फोन येईल या आशेवर मुलांना बसवू नका. त्याऐवजी ते घरी असतील त्या दिवशी पुढच्या दोन-तीन भागांचं वाचन त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, प्रत्येकी दोन मिनिटं. फोन पालथा ठेवून ऐकवा. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्यूटीच्या मधल्या विश्रांतीच्या जागी असतील आणि बोलणं झालंच तर फक्त एवढं विचारावं, 'आज कुठवर आलात?'

शेजारची मुलं दार वाजवतात, हे होणारच. गल्लीतलं मूल आलं तर 'दहा मिनिटांनी ये' म्हणा. रोजचंच असेल आणि ते बसू म्हणालं, तर आधी त्याच्या आईच्या कानावर घाला. त्यांना न कळवता त्यांच्या मुलाला उपासनेत बसवणं बरोबर नाही. आणि श्रावणात मैत्रिणीकडे कानबाई देवी बसते, रोट असतो, आपल्याकडे का नाही, असं मधलीने विचारलं तर त्यांच्या घराला नावं न ठेवता उत्तर द्या: त्यांचा नेम तो, आपला नेम हा.

ज्या कॅथलिक घरांत रोज रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते तिथेही मुलांच्या कुरबुरीचं कारण बहुधा हेच असतं. पाच दशकांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. लहानांसाठी एकच दशक ठेवा: एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मरिया, एकदा त्रैक्याचा गौरव. प्रत्येक मण्याला एका मुलाने एक नाव घ्यायचं. मोठ्यांनी उरलेली चार दशकं नंतर पूर्ण करावीत.

आठवड्याचे पाच दिवस नेमाचे, शनिवार आजींचा, रविवारी चर्च. यात खंड पडेलच. पाहुणे येतात, ताप येतो, लग्नाला चाळीसगावला जावं लागतं. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरून काढू नका, त्याने पुन्हा पाऊण तास होतो. तीन दिवस सुटले तर चौथ्या दिवशी फक्त प्रभूची प्रार्थना म्हणा, पाचव्या दिवशी जिथे थांबलात तिथून पुढे. ज्या दिवशी तुमचाच आवाज चढलेला असेल त्या दिवशी वाचन सोडून द्या आणि प्रार्थनेत सर्वांसमोर म्हणा, 'आज मी रागावले, मला क्षमा कर.' परवाच्या रात्रीसाठी धाकट्याला हे तुम्ही उद्याच म्हणू शकता, त्याचं नाव घेऊन.

जाड कागदाची एक खूण करायला मधलीला सांगा, आणि रोजचं वाचन संपलं की ती तिनेच घालायची. मिस्टर रात्री दोनला परतले तरी त्यांनी पुस्तक उघडून त्या दिवशीचा भाग वाचावा. खूण मात्र पुढे सरकवू नये, ते काम तिचं आहे.